ई-रीडरवरची अक्षरं फिकी का दिसतात आणि ती ठळक कशी करायची

प्रश्न थोडक्यात असा आहे: नवा ई-रीडर छापील पुस्तकाशेजारी ठेवला की अक्षरं राखाडी, फिकी दिसतात. ब्राइटनेस शेवटपर्यंत वाढवूनही उपयोग झाला नाही, उलट अक्षरं आणखी उडाल्यासारखी वाटली. वाचन मुख्यतः कादंबऱ्यांचं, अधूनमधून जुन्या पुस्तकांच्या स्कॅन केलेल्या पीडीएफ. यंत्र परत करावं का, की सेटिंगमध्ये काही करण्यासारखं आहे?

परत करायची घाई करू नका. ई-पुस्तकं तयार करणं हे माझं रोजचं काम आहे. प्रत्येक पुस्तक बाहेर पडण्याआधी वेगवेगळ्या पिढ्यांच्या चार-पाच ई-रीडरवर उघडून पाहावं लागतं, आणि वाचकांकडून सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार हीच असते. त्यातल्या बहुतेक वेळा स्क्रीन ठणठणीत असते. तिला काळा रंग दाखवता येत असतो, पण अक्षराच्या बारीक रेघेपर्यंत तो पोचत नाही. पुढे जे सांगते आहे ते सगळं या एका गोष्टीभोवती आहे.

आधी एक चाचणी करा. संगणकावर एक पांढरं चित्र तयार करा, मधोमध काडेपेटीएवढा पूर्ण काळा चौकोन काढा आणि ते चित्र ई-रीडरवर उघडा. तेवढं करायचं नसेल तर ज्याच्या मुखपृष्ठावर मोठा काळा भाग आहे असं एखादं पुस्तक चालेल. आता फ्रंटलाइट, म्हणजे ई-रीडरचा स्वतःचा दिवा (ब्राइटनेस याचाच), शून्यावर आणा, दिवसा खिडकीशी बसा आणि तो चौकोन पाहा. मग पुस्तकाचं पान उघडा आणि अक्षरं पाहा. चौकोन काळाभोर आणि अक्षरं राखाडी, असं दिसलं तर दोष फॉन्टचा किंवा पुस्तकाच्या फाइलचा. चौकोन खिडकीशी काळा पण रात्री दिव्याखाली राखाडी, तर प्रश्न प्रकाशाचा. चौकोन सगळीकडेच राखाडी दिसला, तरच स्क्रीनवर संशय घ्यायचा. ही चाचणी न करता सेटिंग फिरवत बसलं की तास जातो आणि नेमकं कशामुळे काय बदललं ते कळत नाही.

ई-इंक म्हणजे ई-रीडरच्या स्क्रीनचं तंत्र; त्याची मर्यादा आधी समजून घेतली तर अपेक्षाही जागेवर राहते. या स्क्रीनमध्ये केसाच्या जाडीएवढ्या सूक्ष्म कुप्या असतात. त्यांतल्या पारदर्शक द्रवात पांढरे आणि काळे कण तरंगत असतात, दोघांवर विरुद्ध विद्युतभार. विजेचा दाब दिला की एका रंगाचे कण वर येतात, दुसऱ्याचे तळाशी जातात, आणि दाब काढला तरी ते तिथेच राहतात. पण कितीही पांढरे कण वर आले तरी पडलेल्या प्रकाशापैकी निम्म्याहून कमी प्रकाश परत येतो. छपाईचा चांगला पांढरा कागद सुमारे ८० टक्के परत पाठवतो. म्हणजे छापील पुस्तकाशेजारी ठेवल्यावर जी राखाडी छटा दिसते ती बरीचशी पार्श्वभूमीची असते. २०१० च्या पर्ल या ई-इंक पॅनलचं, म्हणजे स्क्रीनचं, कॉन्ट्रास्ट (काळ्याच्या तुलनेत पांढरा किती पट उजळ) साधारण १०:१ होतं, २०१३ च्या कार्टाचं कंपनीच्या आकड्यानुसार १५:१. त्यानंतरच्या पिढ्यांत सुधारणा झाली आहे, पण कागदाची पांढरी पातळी अजून दूर आहे. पांढरा वाढवणं आपल्या हातात नाही. काळा मात्र जवळजवळ पूर्ण वापरून घेता येतो.

रंगीत ई-रीडरचं गणित आणखी अवघड आहे. कॅलिडो जातीच्या पॅनलमध्ये काळ्या-पांढऱ्या थरावर रंगांच्या गाळण्या बसवलेल्या असतात. त्या जाताना आणि येताना, दोन्ही वेळा प्रकाश खातात, म्हणून पान मुळातच गडद दिसतं. तुमचं वाचन कादंबऱ्यांचं असेल तर काळ्या-पांढऱ्या पॅनलचाच ई-रीडर घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. रंगीत आधीच घेतला असेल तर खालचे उपाय त्यालाही लागू पडतात, फक्त फ्रंटलाइट जरा जास्त लागेल.

आता रेघेकडे येऊ. माझ्या टेबलावर दहापट मोठं दाखवणारं एक भिंग कायम असतं. त्यातून ई-रीडरवरचा ‘म’ पाहिला तर तो असा दिसतो: काना उभा, त्याचा मधला पिक्सेल काळाकुट्ट, दोन्ही कडांना राखाडी. शिरोरेघेत पिक्सेलच्या दोन ओळी, वरची काळी आणि खालची मध्यम राखाडी. आणि डावीकडच्या गाठीपासून कान्यापर्यंत जाणारी बारीक रेघ म्हणजे नुसता राखाडी जिना, एकही पिक्सेल पूर्ण काळा नाही. हातभर अंतरावरून आपल्याला हे तुकडे वेगळे दिसत नाहीत. डोळा सगळ्याची सरासरी काढतो आणि आपण म्हणतो, अक्षर फिकं आहे.

आकड्यांत सांगायचं तर ३०० पीपीआयच्या (इंचाला ३०० पिक्सेल) स्क्रीनवर एक पिक्सेल ०.०८५ मिलिमीटरचा असतो. १० पॉइंटच्या अक्षराला उंचीत साधारण ४२ पिक्सेल मिळतात. नाजूक फॉन्टमधली बारीक रेघ त्या उंचीच्या तीनेक टक्के असते, म्हणजे जेमतेम सव्वा पिक्सेल. ती पिक्सेलच्या चौकटीत नेमकी बसली तर काळी दिसते, दोन पिक्सेलांच्या सीमेवर पडली तर दोन्ही अर्धवट राखाडी होतात. जुन्या १६७ पीपीआयच्या यंत्रावर त्याच रेघेला पाऊण पिक्सेलही मिळत नाही, तिथे ती काळी होण्याचा प्रश्नच येत नाही. २००७ च्या पहिल्या किंडलवर कॅसिलिया हा फॉन्ट होता. त्याच्या जाड आणि बारीक रेघांत फारसा फरक नाही, त्यामुळे त्या काळच्या भरड स्क्रीनवरही तो वाचता येत असे. बास्करविल किंवा गॅरामॉन्डसारखे फॉन्ट कागदावर फार देखणे दिसतात, कारण शाई कागदात किंचित पसरून बारीक रेघेला थोडी जाडी देते. ई-इंकवर ती पसरण होत नाही, आणि तीच नक्षी अशक्त दिसते.

म्हणून पहिला आणि सगळ्यात मोठा उपाय: रेघ जाड करा. किंडलमध्ये फॉन्टच्या मेनूत जाडीचा स्लायडर असतो, कोबो ई-रीडरमध्ये काही फॉन्टना तशी सोय मिळते. एकदम शेवटच्या टोकाला नेऊ नका. एक पायरी, फार तर दोन वाढवा आणि पाच-सहा पानं वाचा. बहुतेकांना दुसऱ्या पायरीवर समाधान मिळतं. जाडीसोबत अक्षराचा आकारही थोडा वाढवा. मोठं अक्षर कमी कॉन्ट्रास्टमध्येही वाचता येतं, आणि आकार वाढला की रेघही आपोआप जाड होते. पानावर चार ओळी कमी बसल्या तरी चालेल.

देवनागरीत मात्र एक काळजी घ्यावी लागते. यंत्र स्वतःहून जी जाडी चढवतं ती अक्षराच्या सगळ्या बाजूंना सारखी लावलेली असते. लॅटिन अक्षरांत ती खपून जाते. आपल्याकडे ‘क्ष’, ‘ष्ठ’, ‘द्ध’ यांच्या आतली मोकळी जागा आधीच चिमटीएवढी असते. ती बुजते, अनुस्वार मात्रेला चिकटतो, ‘ध’ आणि ‘घ’ ओळखायला क्षणभर थांबावं लागतं. तेव्हा यंत्राच्या जाडीपेक्षा मुळातच जाड रेखाटलेला फॉन्ट कधीही चांगला. ज्यानं तो फॉन्ट काढला त्यानं जाडी वाढवताना आतली जागा राखलेली असते. एक टाइप या संस्थेचा मोफत मिळणारा ‘मुक्त’ घ्या. त्यात सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड अशा सात जाड्या आहेत. त्यातली साधी जाडी ई-इंकवर मला थोडी कमी पडते, मीडियम छान बसते, आणि दुखऱ्या डोळ्यांसाठी सेमीबोल्ड. रेघा जवळपास एकसारख्या असल्यामुळे त्यात तो राखाडी जिना फारसा दिसत नाही. नोटो सेरिफ देवनागरीत जाड-बारीक रेघांचा फरक जास्त आहे, म्हणून तो वापरायचा तर एक जाडी वरची निवडा. किंडल किंवा कोबो केबलनं संगणकाला जोडला की त्यात ‘फॉन्ट्स’ नावाचा फोल्डर दिसतो, कोबोत नसेल तर तयार करावा लागतो. त्यात फॉन्टची फाइल टाकली की ती यंत्राच्या यादीत येते. एकाच फाइलमध्ये सगळ्या जाड्या भरलेले व्हेरिएबल फॉन्ट टाळा. काही यंत्रं त्यातली फक्त मूळ जाडी दाखवतात आणि आपल्याला वाटतं की फॉन्ट बदलूनही काही झालं नाही.

फॉन्ट जाड करूनही एखादंच पुस्तक फिकं दिसत असेल तर फाइलमध्ये डोकवा. कित्येक ईपबमध्ये, म्हणजे ई-पुस्तकांच्या फाइलींमध्ये, मजकुराचा रंग पूर्ण काळा नसून गडद राखाडी दिलेला असतो. संगणकाच्या झगझगीत पडद्यावर तो सौम्य वाटतो म्हणून कुणीतरी ठेवलेला असतो. ई-इंककडे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत जेमतेम १६ पायऱ्या असतात. त्यातल्या दोन-तीन इथेच वाया जातात, आणि रेघेच्या कडा आणखी विरतात. संगणकावरच्या कॅलिबर या प्रोग्राममध्ये पुस्तक रूपांतरित करताना ‘लुक अँड फील’ या भागात शैली गाळायची सोय आहे. तिथे ‘कलर्स’वर खूण करा, हवं तर ‘फॉन्ट्स’वरही, म्हणजे पुस्तकानं लादलेला फॉन्टही जाईल आणि तुमचा निवडलेला लागू होईल. ज्या फाइलवर कुलूप नाही तिलाच हे करता येतं. माझ्या व्यवसायातल्या लोकांना माझी हात जोडून विनंती आहे, मजकुराला रंग देऊच नका. वाचकाचं यंत्र तो ठरवेल.

याहून खोलात जायची तयारी असेल तर को-रीडर हे मोफत वाचन-ॲप पाहा. कोबो आणि पॉकेटबुकवर ते सहज बसतं, किंडलवर आधी जेलब्रेक करावं लागतं, म्हणजे कंपनीनं घातलेली बंधनं काढावी लागतात. त्यात अक्षराची जाडी अगदी बारीक पायऱ्यांनी बदलता येते, आणि कॉन्ट्रास्टचा वेगळा स्लायडर आहे. तो स्लायडर स्क्रीनला हात लावत नाही. अक्षराच्या कडेच्या राखाडी पिक्सेलांना काळ्याकडे ढकलतो, आणि आपल्याला नेमकं तेच हवं असतं. फार ढकललं तर कडा करवतीसारख्या दिसू लागतात, तिथून एक पाऊल मागे यायचं. त्याच मेनूत हिंटिंग आहे, म्हणजे रेघ पिक्सेलच्या चौकटीत नीट बसवणं. देवनागरीत शिरोरेघ आडवी आणि अखंड असल्यानं ती एका ओळीत बसली की सबंध पान उजळल्यासारखं वाटतं. हिंटिंगचे तीनही पर्याय एकेकदा लावून भिंगातून पाहा.

आता प्रकाश. इथे बहुतेकांचा गैरसमज होतो, आणि ‘ब्राइटनेस वाढवल्यावर अक्षरं उडाली’ हा अनुभव अगदी खरा आहे. फोनच्या पडद्यात प्रकाश मागून येतो. ई-रीडरमध्ये कडेला बसवलेल्या एलईडींचा प्रकाश स्क्रीनच्या वर असलेल्या एका पातळ पारदर्शक थरातून पसरतो आणि खाली स्क्रीनवर पडतो. पण त्यातला थोडा भाग स्क्रीनपर्यंत न जाता थेट तुमच्या डोळ्यांकडे येतो आणि काळ्या-पांढऱ्या दोन्हींत सारखाच मिसळतो. समजा पांढऱ्याकडून ४० भाग प्रकाश येतो आणि काळ्याकडून ४ भाग, म्हणजे १०:१. त्यात २ भाग असे भरकटलेले मिसळले तर ४२ आणि ६, म्हणजे ७:१. पांढरा किंचित वाढला, काळा मात्र दीडपट उजळला. अंधाऱ्या खोलीत फक्त फ्रंटलाइटवर वाचताना हेच होतं.

यावरचा उपाय साधा आहे. खोलीत दिवा लावा. टेबल लॅम्प बाजूनं किंवा खांद्यामागून पडेल असा ठेवा, म्हणजे त्याचं प्रतिबिंब स्क्रीनवर येणार नाही. मग फ्रंटलाइट शून्यापासून हळूहळू वाढवा आणि ई-रीडरचं पान शेजारच्या कागदाएवढं उजळ वाटलं की थांबा. त्यापुढे वाढवून पानाला चमक येते, अक्षराला काही मिळत नाही. प्रकाशाचा पिवळेपणा खोलीतल्या दिव्याच्या रंगाशी जुळवला तर पान स्क्रीनपेक्षा कागदासारखं वाटतं. दिवसा खिडकीशी फ्रंटलाइट बंदच ठेवा.

डार्क मोड मी कॉन्ट्रास्टसाठी सुचवत नाही. काळ्यावर पांढरी बारीक रेघ असेल तर तीच राखाडी होते, भरकटलेला प्रकाश सबंध पार्श्वभूमीवर दिसतो आणि पान पलटताना मागच्या पानाचे ठसे जास्त उठून दिसतात. रात्री शेजारी कुणी झोपलं असेल तर त्याचा उपयोग आहे, तेवढाच.

ठशांचं बोलायचं तर, पानोपानी पूर्ण रिफ्रेश, म्हणजे सबंध स्क्रीन पुसून नव्यानं रंगवणं, होत नसेल तर आधीच्या पानांची पुसट अक्षरं पार्श्वभूमीत साठत जातात आणि पांढरा मळतो. सेटिंगमध्ये प्रत्येक पानाला रिफ्रेश लावून दोन दिवस वाचून पाहा. क्षणभर पान काळं होऊन परत येतं, त्याची सवय होते. अँड्रॉइडवर चालणाऱ्या ओनिक्स बूक्ससारख्या यंत्रांत प्रत्येक ॲपला वेगळा रिफ्रेश मोड आणि वेगळं कॉन्ट्रास्ट ठरवता येतं. तिथे पुस्तकासाठी चुकून वेगवान मोड राहिला असेल तर कणांना पूर्ण वर यायला वेळच मिळत नाही, आणि काळा अर्धवट राहतो. वाचनाला नेहमी सगळ्यात संथ, सगळ्यात चांगल्या दर्जाचा मोड. थंडीतही असंच होतं: द्रव दाट होतो, कण संथ चालतात. गार झालेलं यंत्र दहा मिनिटं खोलीत राहू द्या, मग निकाल द्या.

स्क्रीनवर मॅट फिल्म लावली असेल तर काढून एकदा तुलना करा. चकाकी कमी करणारा तो खरखरीतपणा प्रकाश विखुरतो आणि अक्षराच्या कडा मऊ करतो.

स्कॅन केलेल्या पीडीएफला फॉन्टची जाडी लागू होत नाही, कारण तिथे अक्षर नसतं, पानाचा फोटो असतो. दोन गोष्टी बिघडतात. एक म्हणजे आकार. सहा इंची स्क्रीन प्रत्यक्षात ३.६ बाय ४.८ इंच असते. साडेपाच बाय साडेआठ इंचांचं पान तिच्यात बसवलं की ते ५६ टक्क्यांवर येतं, आणि रेघही तेवढीच आक्रसते. समास कापून टाकले आणि मजकूर ४ इंच रुंद उरला, तर रुंदीला बसवून ९० टक्के आकार मिळतो. पान दोन वेळा सरकवावं लागेल, पण अक्षर जिवंत होईल. दुसरी गोष्ट कागदाचा रंग. जुना पिवळट कागद १६ पायऱ्यांमध्ये तेराव्या-चौदाव्या पायरीवर येतो, शाईचा तपकिरी काळा तिसऱ्या-चौथ्यावर. मधल्या नऊ-दहा पायऱ्यांत सगळं पुस्तक कोंबलेलं असतं, आणि पार्श्वभूमीवर बारीक ठिपके पसरतात. स्कॅन टेलरसारख्या प्रोग्राममध्ये पान सरळ करून, समास कापून शुद्ध काळ्या-पांढऱ्यात बदला. एकच सीमारेषा सबंध पानाला लावली तर शिवणीजवळची सावली काळा डाग होते, म्हणून पानाच्या भागागणिक सीमा ठरवणारी पद्धत निवडा. आणि हे काम ६०० डीपीआयवर (इंचाला ६०० ठिपके) करा, नाहीतर बारीक वेलांट्या तुटतात. एवढा खटाटोप नको असेल तर के-टू-पीडीएफ-ऑप्ट हा प्रोग्राम समास कापून, ओळी मोडून, स्क्रीनच्या मापाचं पान करून देतो, किंवा को-रीडरमधला पीडीएफचा कॉन्ट्रास्ट दोन-तीन पायऱ्या वाढवा. मी स्वतः पुन्हा पुन्हा वाचायच्या पुस्तकांसाठी स्कॅन टेलर वापरते, एकदाच चाळायच्या पुस्तकांसाठी नाही.

एवढं करून, भर उजेडात, मीडियम जाडीच्या मोठ्या अक्षरांतही मजकूर फिका वाटत असेल आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तो स्वच्छ दिसत असेल, तर डोळे तपासून घ्या. वय आणि मोतीबिंदू या दोन्हींमुळे कॉन्ट्रास्ट ओळखण्याची क्षमता कमी होते, आणि नेहमीच्या तक्त्यावरच्या ठळक काळ्या अक्षरांत ते कळेलच असं नाही.

खरा बिघाड कसा दिसतो तेही सांगते. एकदा माझ्या एका यंत्राची फुटलेली स्क्रीन दुरुस्तीला दिली होती. नवी बसून आली आणि काळा चौकोन खिडकीशीही राखाडी, शिवाय प्रत्येक पानावर मागच्या पानाचे ठसे. दोन दिवस मी फॉन्ट आणि रिफ्रेश तपासत बसले. शेवटी पाठ उघडली तेव्हा स्क्रीनच्या चपट्या केबलवर चिकटवलेली बोटाच्या पेरापेक्षा लहान चिठ्ठी दिसली, तिच्यावर उणे दोन व्होल्टच्या आसपासचा एक आकडा. त्याला व्हीकॉम म्हणतात. प्रत्येक पॅनलचा तो वेगळा असतो, आणि यंत्रात अजून जुन्या पॅनलचा आकडा भरलेला होता. नवा भरल्यावर चौकोन काळा झाला. तेव्हा स्क्रीन बदललेली किंवा दुरुस्त करून विकलेली असेल तर हा आकडा जुळवलाय का, हे दुरुस्ती करणाऱ्याला स्पष्ट विचारा. यंत्र कोरं करकरीत असेल आणि फ्रंटलाइट बंद करून, खोलीच्या तापमानाला, पूर्ण रिफ्रेशनंतरही चौकोन राखाडी राहत असेल, किंवा स्क्रीनच्या एका बाजूला काळा आणि दुसऱ्या बाजूला फिका दिसत असेल, तर परतीची मुदत संपायच्या आत त्याचा दिवसाच्या उजेडातला फोटो काढा आणि बदलून मागा.